पॅनलवरच्या चपला

लग्नाबारशात कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर मी "पाणीपुरवठ्यात" असं सांगते. मग समोरचा लगेच आपल्या बिल्डिंगला पाणी कमी दाबानं येतं ही तक्रार माझ्या पदरात टाकतो. नळाच्या मागे काय असतं हे विचारणारा मला आजवर एकही भेटला नाही. मागे नदी असते, नदीत एक विहीर असते, आणि त्या विहिरीच्या तोंडाशी कधीकधी माणूस असतो.

पडघ्याच्या पुढे नदीला एक डोह आहे. त्या डोहात आमची इनटेक वेल उभी आहे, काँक्रीटची, गोल, शेवाळलेली. तिच्या भिंतीला एकाखाली एक अशा तीन खिडक्या. पावसाळ्यात तळाशी गाळ असतो म्हणून वरची खिडकी उघडायची, नदी उतरत गेली की मधली, उन्हाळ्यात खालची. प्रत्येक खिडकीला लोखंडी जाळी. खिडकीतून आत आलेलं पाणी जाड पाइपातून काठावरच्या दुसऱ्या विहिरीत, जॅकवेलमध्ये, येतं, जॅकवेलच्या डोक्यावर पंपघर, आणि तिथून ते टेकडीवरच्या टाकीत चढतं. काठापासून इनटेकपर्यंत दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढा पूल. शाळेतल्या मुलांची सहल आली की मी हे सगळं पाच मिनिटांत समजावते आणि मुलं पुलावरून थुंकायची शर्यत लावतात.

जाळीला काय काय येऊन चिकटतं ते मात्र मी मुलांना सांगत नाही. जलपर्णी तर येतेच. शिवाय गोडाऊनचं पॅकिंगचं प्लास्टिक, मेलेली कुत्री, गणपतीचं निर्माल्य, देवीच्या ओटीचे खण. पावसाळा सरताना या सगळ्याचा जाडजूड थर बसतो. जॅकवेलमधली पातळी खाली जाते, पंप हवा ओढायला लागतो आणि अख्खी इमारत थरथरते. कागदोपत्री जाळी साफ करायला यांत्रिक दाताळं होतं. ते मी रुजू झाले तेव्हाच गंजून बसलेलं होतं, आणि मी दर वर्षी त्याच्यासाठी पत्र लिहायचे. पत्र जायचं, दाताळं काही हलायचं नाही. त्यामुळे पाण्यात माणूस उतरायचा.

तो दिघाशीच्या बाजूच्या एका पाड्यावरचा होता. आदिवासी, काटकुळा, माझ्याच वयाचा. एका दमात तो इतका वेळ खाली राहायचा की वर उभ्या असलेल्या आमचा श्वास कोंडायचा. त्याच्या कमरेला दोरी असायची आणि दोरीचं दुसरं टोक त्याच्या बायकोच्या हातात. मी एकदा म्हटलं, दोरी धरायला आपला माणूस देते, तू कशाला बाईमाणसाला उभं करतोस? तर हसून म्हणाला, "मॅडम, दुसऱ्याला फोन येल, दुसऱ्याला तंबाखू लागल. हिला मी पायजे." त्यावर बायको म्हणाली, "कोन बोलला तुला?" आणि दोघं हसत सुटली.

आता चपलांचं सांगते. पंप बंद ठेवायचा तर त्यासाठी लाल पाटी असते, कुलूप असतं. आमच्याकडेही होतं, कपाटात. कपाटाची किल्ली कुणाकडे होती देव जाणे. मी रुजू व्हायच्या आधी कधीतरी पॅनलवरची लाल पाटी वाऱ्यानं पडली, कुणीतरी पंप चालू केला, आणि हा माणूस कसाबसा वाचला. तेव्हापासून त्यानं स्वतःची रीत घातली. पाण्यात उतरायच्या आधी त्याच्या चपला पंपाच्या पॅनलवर ठेवायच्या, बरोबर स्टार्टरच्या बटणांसमोर. काम झालं की चपला घालून घरी जायचं. एरवी तो अनवाणीच हिंडायचा. निळ्या पट्ट्याच्या त्या रबरी चपला, एका पट्ट्याला तार गुंडाळलेली, त्यानं फक्त आमच्या जॅकवेलसाठी ठेवल्या होत्या. बायको चपला उचलून पंपघरात आणून ठेवायची, मग पुलावर जाऊन दोरी धरायची, आणि मगच तो उतरायचा. चपला पॅनलवर आहेत म्हणजे माणूस पाण्यात आहे. चपला नाहीत म्हणजे माणूस घरी गेला. ऑपरेटर शिफ्ट बदलताना एकमेकांना तोंडानं काही सांगतसुद्धा नसत. मला ती रीत फार आवडायची. बाहेरून पाहुणे अभियंते आले की मी कौतुकानं दाखवायचे.

आमचं घर भिवंडीच्या जुन्या आळीतलं. वडील कोर्टात कारकून, आई शिक्षिका, तीन बाजूंनी लूमचा खडखडाट. आमच्या घरात चपलेचा मोठा बाऊ. उंबऱ्याच्या आत चप्पल नाही, देवाच्या भिंतीपलीकडे चपलांचा कप्पा नाही, आणि चप्पल उलटी पडलेली दिसली की घरात भांडण होतं म्हणून धावत जाऊन सुलटी करायची. मी इंजिनियर झाले, नदीतल्या विहिरीवर चढले, पुरुषांना कामं सांगितली, पण हे बोटांत राहिलं ते राहिलंच. आजही कुणाच्या दारात उलटी चप्पल दिसली की माझा हात जातो.

खंडेनवमीचा दिवस होता. यंत्रांची पूजा. सकाळपासून पंप धडधडत होता, पातळी उतरत चालली होती, आणि सणासुदीच्या दिवशी पाणी गेलं तर लोक कपडे फाडतील म्हणून मी त्या दोघांना निरोप पाठवला. दुपारी दोघं आली. पंप बंद केला. तो इनटेकवर गेला, मधल्या खिडकीची जाळी साखळीनं वर घेतली आणि आत तोंडाशी साचलेला लगदा काढायला उतरायच्या तयारीत राहिला. बायकोनं चपला आणून पॅनलवर ठेवल्या, पुलावर जाऊन दोरी धरली आणि तो उतरला. मी पाहिलं. हे मी पुन्हा लिहिते, कारण हेच मी नंतर नाकारलं. मी पाहिलं.

पहिल्या शिफ्टचा म्हातारा ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, पंप बंदच आहे तर पूजा उरकून घेऊ ना. चालू मशीनला हार कसा घालणार?" बरोबरच होतं. तो झेंडूचे हार घेऊन आला, मी हळदकुंकू आणि उदबत्त्या काढल्या. नारळ फोडायला तो बाहेर पायरीवर गेला. मी पंपांना हार घातले, स्वस्तिक काढलं, आणि पॅनलकडे वळले. पॅनलवर चपला.

मी विचार केला नाही. लोक म्हणतात ना, क्षणभर वाटलं की... मला काहीच वाटलं नाही. जिथे कुंकू लावायचं तिथे चपला, एवढंच दिसलं. मी त्या दोन बोटांनी उचलल्या आणि दाराशी, आमच्या सगळ्यांच्या चपलांच्या ओळीत, जोडीनं नीट ठेवल्या. मनात होतं की पूजा झाली की परत ठेवू. पॅनलला कुंकू लावलं, बटणांच्या वर फूल खोचलं, हात जोडले.

तेवढ्यात माझा फोन वाजला आणि बंद पडला. पंपघरात रेंज टिकत नसे. साहेबांचा फोन होता, टाकी किती वाजता भरेल हे विचारायला. परत लावायचा तर वर रस्त्यापर्यंत जावं लागायचं. मी हात पुसले, चपला घातल्या, माझ्या, आणि चढ चढून रस्त्यावर गेले. साहेब बराच वेळ बोलले. सणाचा दिवस, वरून दबाव, तुम्हाला आधी कळायला नको होतं का, वगैरे.

मी वर असताना शिफ्ट बदलली. म्हाताऱ्यानं प्रसाद घेतला, दुसऱ्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि सायकल काढून घरी गेला. त्याच्या लेखी चपला पॅनलवर होत्या, सांगायचं काय? दुसरा ऑपरेटर आत आला. पूल पंपघराच्या मागच्या अंगाला, आतून तो दिसत नसे. हार घातलेलं पॅनल, धूर, पूजा झालेली. चपला नाहीत. भिंतीवरच्या, फक्त टाकीशी जोडलेल्या जुन्या फोनवर टाकीवाला ओरडत होता, "अरे भाई, पानी छोड, लोग गाली दे रहे." त्यानं बटण दाबलं.

मी उतार उतरत होते. पंपाचा आवाज मला आधी पायांत लागला, मग कानात. मी धावले. पुलावर ती मागे झुकून दोन्ही पाय रोवून दोरी ओढत होती, आणि दोरी तारेसारखी ताठ होती, जराही हलत नव्हती. "बंद कर! बंद कर!" असं ओरडत होती. तोंडाशी साचलेला लगदा सुटला की पाइप किती जोरानं ओढतो हे मी कॉलेजात शिकले होते. त्याचं सूत्र मला अजून पाठ आहे.

पंप बंद करायला मला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. बंद झाल्यावर दोरी सैल झाली आणि ती मागच्या मागे पुलावर पडली. मग तिनं उठून त्याला ओढून घेतलं. हलका आला तो. आम्ही तिघांनी त्याला वर घेतलं, छातीवर दाबलं, उलटा केला, पडघ्याला नेला. तिथल्या डॉक्टरनं फक्त मान हलवली.

त्या संध्याकाळी दुसरा ऑपरेटर पंपघराच्या पायरीवर बसून एकच वाक्य म्हणत होता. "चपला नव्हत्या मॅडम. आईशपथ नव्हत्या." मी त्याच्या शेजारी उभी होते. माझ्या बोटांना अजून कुंकू होतं. मी म्हणू शकले असते. मी म्हटलं, "शांत हो, पाणी पी."

चौकशी झाली. बाहेरून तीन माणसं आली, त्यांनी फोटो काढले, पूल मोजला. दाराशी सगळ्यांच्या चपलांच्या ओळीत निळ्या पट्ट्याची जोडी होती, तिचाही फोटो काढला. ऑपरेटरांना विचारलं. म्हातारा म्हणाला, मी नारळ फोडत होतो. दुसरा म्हणाला, नव्हत्या. मग तिला बोलावलं. ती म्हणाली, "मी ठेवल्या. मी सोता ठेवल्या, बटनाम्होरं." त्यांनी विचारलं, मग दाराशी कशा आल्या? ती म्हणाली, "मना काय म्हाईत? तुमचं घर हाय ते." हे त्यांना उर्मट वाटलं असावं.

माझी पाळी आली. टेबलावर पाण्याची बाटली होती, पंखा फिरत होता. पूजेच्या वेळी पॅनलवर चपला पाहिल्या का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लक्षात नाही."

घाबरले होते, दुसरं काही कारण नाही. नोकरी जाईल, पोलीस येतील, पेपरात नाव येईल. घरी आईला मात्र सगळं सांगितलं होतं. आई बराच वेळ वाती वळत बसली आणि मग म्हणाली, "बोलून माणूस परत येणार आहे का?" हे वाक्य मी पुढे कैक वर्षं मंत्रासारखं वापरलं. त्यात खोट शोधायची मी कधी तसदी घेतली नाही. माणूस परत येणार नव्हता, खरंच होतं. पण एक बाई अजून जिवंत होती, तिचं काय, हे आईच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही आलं नाही, किंवा आलं आणि मी ते दाबलं.

अहवालात लिहिलं गेलं की पाणबुड्याच्या मदतनिसाकडून नेहमीची खूण ठेवण्यात हयगय झाली. मदतनीस म्हणजे ती. तिचं म्हणणं "शोकाकुल अवस्थेतील" म्हणून बाजूला पडलं. त्या अहवालाच्या प्रतीवर पोच म्हणून माझी सही आहे.

त्यानंतर सगळं सुधारलं, हे सांगायलाच हवं. नवं दाताळं आलं, विजेवर चालणारं. कुलपं आली, कॅमेरा आला, भिंतीवर नियमांचा तक्ता आला. माणूस पाण्यात उतरणं बंद झालं. मला त्या वर्षी चांगलं काम केल्याचं पत्रही मिळालं. ते मी फाडलं नाही, फाईलमध्ये लावलं. खोटं कशाला बोलू?

तिच्याबद्दल मला तुकड्यातुकड्यांत कळत गेलं. आमच्याकडे गवत काढायला येणारा त्याच पाड्यावरचा माणूस एकदा सहज बोलून गेला, "तिनंच मारला नं दादल्याला. दोरी तिच्या हातात, चपला तिच्या हातात. इसरली नं मंग ठेवल्या ठेवल्या बोलत सुटली." पाड्यात लग्नात हळद फोडताना तिला बोलवत नाहीत. बी पेरताना तिचा हात लावू देत नाहीत. मी "असं बोलू नये" म्हणाले आणि कामाला लागले. पुढे एका पावसाळ्यात पडघ्याच्या बाजारात ती दिसली, गोणपाटावर शेवळांच्या जुड्या मांडून बसलेली. मला शेवळाची भाजी जीव की प्राण. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेले. त्यानंतर ती वडप्याला एका गोडाऊनमध्ये खोके उचलायला जाते असं ऐकलं आणि मला चक्क बरं वाटलं, की आता बाजारात भेटायची नाही. इतकी मी खाली गेले होते.

गेल्या वर्षी आई गेली. शेवटचे दोन दिवस ती काही गिळत नव्हती, मी चमच्यानं तिच्या ओठांवर पाणी सोडायचे. एकदा तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "त्या बाईला सांगितलंस का गं?" कुठली बाई हे मला विचारावं लागलं नाही. मला आईचा राग आला. स्वतःच माझ्या तोंडाला कुलूप लावायचं आणि जाताना किल्ली माझ्या हातात देऊन मोकळं व्हायचं! दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि एका रविवारी मी पडघ्याला उतरून रिक्षा केली.

पाडा चढावर आहे. तिचं घर शेवटचं, कुडाचं, पत्रा घातलेलं. ती अंगणात काटक्या मोडत होती. केस पिकले होते. तिनं मला ओळखलं, आत गेली आणि स्टीलच्या पेल्यात पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं. मी त्याला हात लावला नाही. वाटलं, आधी सांगावं आणि मग तिला द्यायचं असेल तर तिनं द्यावं.

सांगायला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की ही मोठी गोष्ट आहे. चार वाक्यं होती. पूजा करायची होती, चपला मी उचलल्या, दाराशी ठेवल्या, चौकशीत खोटं बोलले.

ती काटकी हातात धरून बसली होती. मला वाटलं ओरडेल. मारेल असंही वाटलं, आणि मारावं असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "मी ठेवल्या व्हत्या?"

"हो. तुम्ही ठेवल्या होत्या. मी पाहिल्या होत्या." आयुष्यात पहिल्यांदा मी तिला तुम्ही म्हटलं.

"बटनाम्होरं?"

"बटणांसमोर."

"मना वाटाया लागलं व्हतं का मीच इसरले," ती म्हणाली. "आधी म्हाईत व्हतं का ठेवल्या. मंग समदे बोलाया लागले, बोलाया लागले. मंग रातच्याला डोल्यासमोर आनायची, तं कवा पॅनलवर दिसायच्या, कवा माझ्या हातातच दिसायच्या. मंग हातातच दिसाया लागल्या." तिनं हात पालथे केले आणि सुलटे केले. मी कोणत्या गुन्ह्याची माफी मागायला आले होते ते मला तेव्हा कळलं. मी समजत होते की मी फक्त गप्प राहिले.

मी माफ करा असं काहीतरी पुटपुटले. तिनं ते ऐकलं नाही, की ऐकायचं नव्हतं. ती उठली. "मना सांगून काय व्हनार? चल. त्यांना सांग."

तिनं मला दिराच्या अंगणात नेलं. हाक मारून पाच-सहा माणसं बाहेर बोलावली, तो गवत काढणाराही त्यांत होता. मी उभी राहून तेच पुन्हा सांगितलं. आवाज फुटेना तर ती म्हणाली, "मोठ्यानं." मी मोठ्यानं सांगितलं. दीर जमिनीकडे बघत राहिला. एक म्हातारा म्हणाला, "आता काय त्याचं," आणि विडी पेटवली. गवत काढणारा म्हणाला, "देवाचं केलं नं मॅडमनी, मुद्दाम न्हाय केलं." तो मला सांभाळून घेत होता. मला, तिला नव्हे. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि वळून घराकडे चालायला लागली. मी तिच्या मागे गेले.

अंगणात पेला तसाच होता. पाण्यात एक वाळकं पान पडलं होतं. तिनं ते बोटानं काढून टाकलं.

"सासू असती तं तिला सांगितलं असतं," ती म्हणाली. "ती गेल्या साली गेली. जाया लागली तवा तोंड सुकलं व्हतं तिचं. पानी पानी करत व्हती. मी पेला घेऊन बसले तं तिनं तोंड फिरवलं. माझ्या हातचं घेतलं न्हाय. मंग शेजारनीला हाक मारली, तिच्या हातचं प्याली नं गेली."

काही दिवसांपूर्वीच मीही एका म्हातारीच्या ओठांवर पाणी सोडत बसले होते, आणि तिनं ते माझ्या हातून घेतलं होतं.

तिनं पेला उचलून माझ्या हातात दिला.

"पी," ती म्हणाली. "मना बघू दे."

मी शेवटच्या घोटापर्यंत प्याले, आणि पेला रिकामा होईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत होती.